मीर्ताची धार कोणी काढली?

१

क्विरिन मेल्याचं मला त्याच्या मुलीच्या किंकाळीवरून कळलं. सदतीस वर्षं मी या गावात सुईणपण करतेय. बाईचं ओरडणं कसलं आहे ते मला भिंतीपलीकडूनही कळतं. तशीच अंगावर शाल ओढून, कमरेएवढ्या बर्फात खोदलेल्या वाटेने मी त्याच्या गोठ्याकडे धावले.

क्विरिन माळ्याच्या शिडीपाशी उताणा पडला होता. डोकं दगडी डोणीच्या कडेला टेकलेलं, रक्त गोठून काळं झालेलं. त्याची मुलगी ओडिलिया भाजलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. दोन मिनिटांत सरपंच मॉरित्स आला, त्याच्यामागून गावातला तरुण लिनुस आला, आणि माझा धाकटा भाऊ थेओडुल फावडं हातात घेऊनच आला. बर्फ उपसत होता म्हणाला.

"पाय सटकला असणार," मॉरित्स म्हणाला. "सत्तरीत माळ्यावर चढायची हौस! शंभरदा सांगितलं असेल मी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ आवरणं मला जन्मात जमलेलं नाही.

"सरपंच, शिडीवरून पडलेला माणूस स्वतःचे डोळे स्वतः मिटत नाही," मी म्हटलं. "हाताची घडीही घालत नाही. आणि अंगावर पोतं ओढून तर मुळीच घेत नाही."

सगळे पोत्याकडे बघायला लागले. तेवढ्यात वर माळ्यावर खसखस झाली, आणि केसांत गवताच्या काड्या अडकलेला एक माणूस डोळे चोळत खाली डोकावला. बत्तिस्ता. खिंडीपलीकडून दर हिवाळ्यात येणारा, घरोघरच्या छत्र्या दुरुस्त करणारा बत्तिस्ता. त्याच्या अंगात क्विरिनची लोकरी बंडी होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

लिनुसने शिडी धरली आणि मॉरित्स म्हणाला, "खाली उतर."

२

एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीतला तो दिवस. रस्ता बंद झाल्याला सहा दिवस झाले होते. आमच्या फेलगाडनला येणारी वाट एकच, ती गिधाडघळीखालून येते, आणि घळीतून आलेल्या हिमलोटाने ती पुलासकट पुरली होती. टेलिफोनची तार तुटलेली. पाद्री खालच्या गावात अडकलेले. एकोणीस घरं, त्र्याण्णव माणसं, आणि समोरचं माणूस बघून बघून प्रत्येकाचं डोकं उठलेलं. त्यात आता खून.

शाळेच्या खोलीत सगळे पुरुष जमले. बत्तिस्ताला शेकोटीच्या कोपऱ्यात बसवलं होतं.

"ही बंडी कुठून आली?" मॉरित्सने विचारलं.

"क्विरिनने दिली. परवा. मला थंडी वाजत होती."

खोलीत हशा पिकला. क्विरिनने कोणाला काही दिलं हे कोणी ऐकलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

"काल संध्याकाळी पाचला कुठे होतास?"

"देवळात. मिरवणुकीच्या छत्राची काडी मोडलीय ना, ती बसवत होतो. अंधार पडल्यावर आलो, बाहेरच्या शिडीने माळ्यावर गेलो आणि झोपलो. खाली बघितलंच नाही."

"देवळात तुला कोणी बघितलं?"

"देवाने."

हे बोलायला नको होतं त्याने. लिनुस तर अंगावरच धावून गेला. मग मॉरित्सने हात वर केला आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून दाखवलं. गावात एकाही घराला कुलूप नाही. याला ठेवायचं कुठे? बायका झोपायच्या कशा? तेव्हा याला आजच गावाबाहेर काढायचा. जाऊ दे उतरून खाली, पोलिसांना काय सांगायचं ते सांगू दे.

"गिधाडघळीखालून?" मी दारातून विचारलं. "सरपंच, तिच्यावर अजून अर्धा डोंगर लटकतोय. दुपारी ऊन लागलं की बघायलाच नको. तुम्ही त्याला पाठवत नाही आहात, मारताय."

"मग तू सांग, नेलाबाई! तुझ्या घरी ठेवतेस?"

कोणी माझ्याकडे बघेना. माझा भाऊ थेओडुल पायांकडे बघत बसला होता. आणि हे सगळं मीच सुरू केलं होतं. पोत्याबद्दल मी बोलले नसते तर क्विरिन पाय घसरून मेला असता आणि छत्रीवाला आज कोणाची तरी छत्री शिवत बसला असता.

"मला दुपारच्या घंटेपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "काल दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत तुमच्या सुनेच्या उशाशी बसले होते मी. नातू धडधाकट हातात दिला. त्याबदल्यात तीन तास मागतेय."

मॉरित्सने मिशी चावली. "घंटेपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर एक मिनिट नाही."

३

ओडिलियाच्या हाताला मी नवी पट्टी बांधली आणि बांधता बांधताच विचारलं. हात दुसऱ्याच्या हातात असला की माणूस खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव.

"काल संध्याकाळी बाबा कधी गेले गोठ्यात?"

"पाचला. हात भाजल्यापासून धार तेच काढत होते, काकू. मी तुमचं औषध घेऊन झोपले. मध्ये जाग आली तेव्हा वाटलं, सरपंचांकडे बाळाची वाइन प्यायला गेले असतील. सगळेच गेले होते ना."

"कोणाशी भांडण?"

तिने हात मागे घ्यायला बघितलं. मग म्हणाली, "लिनुसशी. आमच्या लग्नाला नाही म्हणत होते. पण काकू, लिनुस असं करणार नाही."

"ते मी बघते. आणखी काही?"

"बुधवारी बाबा राखीव रानात गेले होते. आले ते तोंड मिटूनच. जेवलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, 'रविवारी देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगतो, आपल्याला इथे कोणी कोंडलं ते.' मला वाटलं, वय झालं, देवावर चिडलेत."

क्विरिन त्या रानाचा राखणदार होता. गावाच्या डोक्यावर उभं असलेलं ते रान बर्फ अडवून धरतं. तिथली फांदीसुद्धा कोणी तोडत नाही. आमच्याकडे चोर परवडला, पण त्या रानात कुऱ्हाड नेणाऱ्याला लोक पुन्हा शेजारी बसवत नाहीत.

तिथून मी गोठ्यात गेले. मीर्ता, क्विरिनची एकुलती गाय, शांतपणे रवंथ करत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि जागीच थांबले.

शांतपणे?

ओडिलिया सकाळी उजाडता गोठ्यात आली ती थेट किंचाळली. तिने धार काढली नव्हती. क्विरिन काल पाचनंतर मेला. काल संध्याकाळची धार राहिली असती तर मीर्ताने सकाळी गाव डोक्यावर घेतलं असतं. मी कासेला हात लावला. सकाळचं दूध होतं, तेवढंच. म्हणजे काल संध्याकाळी तिची धार निघाली होती.

मग क्विरिनने धार काढली आणि नंतर मेला? मी खुंटीकडे बघितलं. धार काढताना तो घालायचा ती कातडी टोपी खुंटीवर होती. दूध गाळायचं फडकं काल सकाळी धुऊन टाकलेलं, अजून दुमडलेल्या घड्यांतच कडक गोठलेलं होतं. ते काल संध्याकाळी कोणी उलगडलंच नव्हतं. आणि तो पडला होता तिथे माळ्यावरून ओढलेला गवताचा भारा तसाच पडला होता. आमच्याकडे आधी चारा, मग धार. क्विरिन चारा टाकता टाकताच मेला.

मग शेजारच्या थंड खोलीत, साय धरायला ठेवलेल्या पसरट लाकडी भांड्यात, हे दूध कोणी ओतलं?

मी बत्तिस्ताला बोलावून घेतलं. मॉरित्स पहाऱ्याला सोबत आला.

"काढ धार," मी म्हटलं.

"मी?" बत्तिस्ता मागे सरकला. "बाई, मी तळ्याकाठचा माणूस. छत्री म्हणाल तर डोळे मिटून उघडून देईन. हिचं काय, कुठून उघडतात?"

बसवलं त्याला. तो चुकीच्या बाजूने बसला, दोन बोटांनी काहीतरी खेचलं, आणि मीर्ताने असा पाय झाडला की बादली एकीकडे आणि छत्रीवाला शेणात. मॉरित्सला हसू फुटलं. लगेच त्याने तोंड वाकडं केलं.

"सोंग करतोय."

"गाय सोंग करत नाही," मी म्हटलं. "अनोळखी, अडाणी हाताला ती पान्हा सोडत नाही. काल तिने सोडलाय. भांडं भरलंय बघा."

मॉरित्सने भांड्यात डोकावलं, खांदे उडवले. मी दिवा जवळ नेला. दूध स्वच्छ होतं, एक केस नाही. फक्त कडेला, साईत अडकलेले, हिरवे हिरवे बारीक तंतू होते. मी बोटाने एक उचलला. मग भिंतीवर लटकलेल्या माळेकडे बघितलं. जमिनीवर रांगणाऱ्या शेवाळाची माळ ती. जानेवारीत पाद्री मंत्रून देतात, गुरांना बाधा होऊ नये म्हणून प्रत्येक गोठ्यात असते. हिच्यातली एक मूठ ओरबाडलेली होती.

"काय सापडलं?" मॉरित्सने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. त्या दिवशी खोटं बोलले ते एवढंच.

४

घंटेला दीड तास उरला होता. मी घरोघर हिंडले, आणि कोणावर संशय घ्यायला नव्हे, तर कोणीतरी सापडावं म्हणून हिंडले. दुसरं कोणीतरी असावं, अशी देवाला भीक मागत होते.

लिनुसच्या घरी गेले. तो चुलीपाशी गुरगुरत होता.

"मी काल छपरावरचा बर्फ काढत होतो. एकटा. हवं तर छपराला विचारा."

"तोंड कमी चालव. तुमच्याकडे दूध कशाने गाळता?"

"काय?"

"दूध, रे मेल्या. कशाने गाळता?"

"फडक्याने. सगळे कशाने गाळतात? काकू, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याच्या आईने फडकं आणून दाखवलं. शेजारच्या घरी फडकं. त्याच्या पलीकडे फडकं. मॉरित्सच्या घरी शहरातून आणलेली जाळीची गाळणी. तिच्या झगझगीतपणाबद्दल त्याची बायको पाच मिनिटं बोलली. मला रडायला येत होतं. प्रत्येक फडक्यासरशी माझा जीव खाली खाली जात होता.

शेवटी थेओडुलकडे गेले. बायको गेल्यापासून तो एकटाच. नव्या गोठ्यात बसून पट्टा शिवत होता.

"ये ताई. कॉफी ठेवू?"

"नको. काल बाळाची वाइन प्यायला उशिरा आलास."

"बर्फ काढत होतो."

मी वर बघितलं. आढ्याचं लाकूड नवं, लार्च झाडाचं, जाडजूड, अजून डिंक गळत होता. शरदात त्याने सांगितलं होतं की खालच्या गावातून आणलं.

"आढं चांगलं आहे, थेओ."

"आहे."

"ओढायला कोण कोण होतं?"

त्याची सुई थांबली. आढ्याचं लाकूड आमच्याकडे अख्खा गाव ओढतो. वीसेक माणसं, दोन खेचरं, आणि नंतर मालकाकडून वाइन. त्या शरदात कोणालाही वाइन मिळाली नव्हती.

"तू छत्रीवाल्यासाठी एवढी का झिजतेस?" त्याने विचारलं. "परका माणूस तो. आपला कोण लागतो?"

"कोणी नाही."

"मग?"

मी तिथेच बसून राहिले. त्याला संधी देत होते. मग त्याने पुन्हा सुई खुपसली. मी उठले.

५

घंटा वाजली तेव्हा शाळेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बत्तिस्ताच्या खांद्यावर कोणीतरी त्याची हत्यारांची पेटी अडकवून ठेवली होती. तो पांढराफटक पडला होता.

"बोल," मॉरित्स म्हणाला.

मी बोलले. क्विरिनने धार काढली नाही हे टोपीवरून आणि फडक्यावरून सांगितलं. तरी धार निघाली होती, हे मीर्ताच्या कासेवरून सांगितलं. बत्तिस्ताला धार येत नाही हे मॉरित्सनेच बघितलं होतं.

"विचार करा," मी म्हटलं. "माणूस मेलाय. पळून जायचं सोडून कोण गाय दोहत बसेल? चोर नाही बसणार. छत्रीवाला नाही बसणार. पण तुमच्यातला एकेक जण बसेल. दाटलेल्या कासेची गाय हंबरत सोडून जाणं तुमच्यातल्या कोणाला जमेल? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"ज्याने क्विरिनला मारलं त्यानेच त्याचे डोळे मिटले, त्यानेच धार काढली. आणि दूध तसंच ठेवणं त्याच्या हाताला जमेना म्हणून गाळलंही. फडकं गोठलेलं होतं. हात आपोआप भिंतीवरच्या माळेकडे गेला. एक मूठ शेवाळ ओरबाडून त्याने नरसाळ्यात कोंबलं. भांड्यात त्याचे तंतू आहेत."

"शेवाळाने कोण दूध गाळतं?" लिनुस म्हणाला.

"इथे कोणी नाही. मी सकाळभर घरोघर विचारलं. इथे सगळ्यांकडे फडकं. माझी आई खिंडीपलीकडून या गावात आली तेव्हा ती शेवाळाने दूध गाळायची. तुमच्या आया तिला हसायच्या, आठवतं? तिने ते फक्त आपल्या मुलांना शिकवलं. त्या घरातली दोन माणसं आज जिवंत आहेत. त्यातली एक काल तीनपासून आठपर्यंत सरपंचांच्या सुनेजवळ होती."

मला माझा आवाज ऐकवत नव्हता, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"आणि बुधवारी क्विरिनला राखीव रानात तोडलेल्या झाडांचे ताजे बुंधे दिसले असणार. झाडं गेली त्या फटीतूनच लोट घळीत उतरला आणि रस्ता गेला. तो रविवारी सगळ्यांसमोर नाव सांगणार होता. गावात एकाच गोठ्याला असं नवं आढं आहे, जे ओढायला कोणालाच बोलावलं नव्हतं."

"ताई, पुरे," थेओडुल म्हणाला.

तो उभा राहिला. लोक त्याच्यापासून बाजूला झाले, आपोआप.

"चार झाडं तोडली," तो म्हणाला. "मला वाटलं, एवढ्या रानातून चार. काल त्याच्या पाया पडायला गेलो होतो. तो माझ्याकडे बघेचना, माळ्यावरून गवत ओढत राहिला. मी बाही धरली, त्याने झटकली, मी ढकललं. मारायचं नव्हतं मला." त्याने तोंड पुसलं. "मग मी पळणारच होतो. पण मीर्ता ओरडायला लागली. थांबेचना."

"आणि सकाळभर या माणसाला घळीखाली ढकलत होते तेव्हा?" ओडिलियाने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता.



६

वाटलं, संपलं. पण थेओडुलने टोपी घातली आणि दाराकडे वळला.

"मी जातो खाली," तो म्हणाला. "पोलिसांकडे."

आणि कोणी त्याला अडवलं नाही. उलट वाट करून दिली. मला लोकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, सगळ्यांना हे सोयीचं होतं. घळीने निकाल लावला की कोणालाच काही करावं लागणार नव्हतं. त्यालाही तेच हवं होतं. लहानपणापासून ओळखते मी त्याला.

मी दारात आडवी उभी राहिले.

"सकाळी ज्याच्याशी माझं काही नातं नाही त्याला मी त्या घळीखाली जाऊ दिलं नाही," मी म्हटलं. "याला का जाऊ देईन? हा माझ्या घरी राहील. रस्ता उघडला की पोलीस नेतील. थेओ, बूट काढ."

"ताई, जाऊ दे ना मला."

"बूट काढ म्हणते ना."

पन्नास वर्षांच्या बाप्याने सगळ्या गावासमोर खाली बसून बूट काढले. मी ते काखेत मारले आणि त्याला मोज्यांवर बर्फातून घरी नेलं. बत्तिस्ता मागून आला, दार उघडून दिलं, आणि परत गेला.

अकरा दिवस आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. मी सूप करायची, काळा पाव कापायची, तो अर्धा खायचा. गावातलं कोणी फिरकलं नाही. बाळंतिणीकडेसुद्धा मला बोलावणं आलं नाही. मी खुनी पकडला म्हणून, की भाऊ पकडून दिला म्हणून, ते अजून मला कळलेलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी घळ कोसळली. खिडक्या हादरल्या, चुलीतली राख उडाली. थेओडुल कितीतरी वेळ तिकडे बघत उभा होता.

"गेलो असतो तर सुटलो असतो," तो म्हणाला.

"जेव," मी म्हटलं. मला त्याचा राग होता आणि तो समोर जिवंत बसलाय याचा आनंदही होता. कशाचं काय करावं ते सुचत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी खालून फावड्यांचे आवाज आले. गावात घंटा बडवायला लागले, बायका रस्त्यावर धावल्या, कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. सतरा दिवस अख्खं गाव ज्याची वाट बघत होतं ती घडी आली होती, आणि सगळ्या गावात मी एकटी अशी होते की रस्ता अजून थोडे दिवस बंद राहावा म्हणून मनात धावा करत होते. मग दारावर थाप पडली. मी आत गेले, त्याचे बूट आणले, गुडघ्यांवर बसून त्याच्या पायात घातले आणि नाड्या बांधल्या. घट्ट बांधल्या, वाट निसरडी होती.